बदकांची खिंड

माझ्या सासूबाई, मथुराबाई, माणसांवर फार वेळ रागावत नाहीत. त्यांचा सगळा राग गोगलगायींसाठी राखून ठेवलेला असतो. माणूस चुकतो, असं त्या म्हणतात. गोगलगाय चुकत नाही, ती बरोबर कोवळ्या रोपावरच येते. मी नालासोपाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्न होऊन या वाडीत येईपर्यंत मला गोगलगाय फक्त पोटात पाय असलेल्या म्हणीपुरती ठाऊक होती. इथे पहिल्याच आषाढात पाहिलं, की वांग्याची वीतभर रोपं संध्याकाळी असतात आणि सकाळी नुसत्या काड्या उरतात. शंखवाल्या गोगलगायी मुठीएवढ्या, बिनशंखाच्या काळ्या नि चिकट, आणि मातीत पुरलेली त्यांची अंडी थेट साबुदाण्यासारखी. त्या वर्षी उपासाला मी खिचडी खाल्ली नाही.

आईंची लढायची रीत ठरलेली होती. संध्याकाळी वाफ्यांच्या कडेने ओली गोणपाटं अंथरायची आणि त्यांच्याखाली सडकी पपई नाहीतर कोबीचा पाला ठेवायचा. रात्रभर गोगलगायी तिथे जमतात. सकाळी उजाडताच गोणपाट उचलायचं, मोठ्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि मग खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. हे झालं मोठ्यांचं. बारक्या, बिनशंखाच्या आणि अंडी यांचं काम माणसाच्या हातचं नव्हे. ते काम कॅथरिन मावशींची बदकं करायची.

कॅथरिन मावशी आमच्या शेजारी. त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये अडुळशाचं कुंपण आहे आणि मागे दोघींच्या सामाईकीतलं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं जुनं तळं. बदकं दिवसभर त्या बावखलात पोहायची आणि नाताळात मावशींच्या ताटात जायची. मधल्या काळात त्यांची न्याहारी आमच्या वाडीत. कुंपणात एक खिंड ठेवलेली होती, बदक मान खाली न घालता जाईल एवढी. माणूस जायचा तर वाकून.

या खिंडीला आमच्या बाजूने एक झाप असे, नारळाच्या झावळीचा विणलेला. सगळा व्यवहार त्या झापावर चालायचा. जमीन पेरायच्या आधी झाप काढलेला. रोपं कोवळी असली की झाप लावलेला, कारण बदकाला गोगलगाय आवडते तशी मिरचीची कोवळी पानंही आवडतात. रोपं गुडघ्याला लागली की झाप परत काढायचा. झाप फक्त आई हलवणार. मावशी सकाळी खुराड्यापाशी येऊन नुसती मान वळवून बघणार, झाप दिसला तर बदकं बावखलाकडे वळवणार, नाही दिसला तर खिंडीकडे. त्यासाठी दोघींना कधी बोलावं लागलं नाही. एरवी दोघी इतकं बोलायच्या की दुधी तोडायला गेल्या तर त्याचा जून भोपळा व्हायची वेळ यायची, पण या एका बाबतीत नाही.

मग एका वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना आणि आईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. खाली बसलं की उठता येत नव्हतं. मी वसईच्या एका दवाखान्यात कामाला, माझा नवरा मयूर सातिवलीच्या कारखान्यात. सकाळी मी धावतपळत एक रांग वेचायचे तेव्हा उरलेल्या रांगा गोगलगायी वेचून खात असायच्या. वांग्याची रोपं एकदा गेली. आईंनी पुन्हा बी टाकलं. ते बी घरचंच, सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. दुसऱ्यांदाही निम्मी रोपं गेली तेव्हा आई मयूरला म्हणाल्या, "औषध आन."

शेतीत विषाला औषध म्हणतात, हे मला अजून पचलेलं नाही.

मयूरने निळसर गोळ्यांचं पाकीट आणलं. त्यावरच्या सूचना त्याने मोठ्याने वाचून दाखवल्या, कारण उंटावरून शेळ्या हाकायला त्याला आवडतं. पाळीव जनावरं, कोंबड्या, बदकं यांना लांब ठेवा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कॅथरिन मावशीची बदकं?" मी विचारलं.

"झाप लावलाय की," आई म्हणाल्या. "झाप असताना तिची बदकं कवा आली काय या बाजूला?"

कधीच आली नव्हती. म्हणून त्या निर्धास्त होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही झाले. आईंनी कुंपणाच्या कडेकडेनेच जास्त गोळ्या टाकल्या, कारण गोगलगायी दिवसभर अडुळशाच्या बुडाशी लपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यांत मेलेल्यांचा सडा पडला होता. आई प्रथमच उभ्या उभ्या वाडी बघून घरात आल्या आणि चहा पूर्ण प्यायल्या.

त्या शनिवारी मावशींच्या घरी गडबड होती. त्यांचा मुलगा स्टॅनी, त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा रविवारी. चर्चमधून आल्यावर घरी जेवण, आळीतल्या सगळ्यांना बोलावणं. आम्हालाही. नाताळाची वाट न बघता या जेवणाला बदकं करायची असं मावशींनी कधीच ठरवलं होतं. पहिल्या नातीचं कौतुक, दुसरं काय.

सकाळी त्यांची हाक आली. "मथुरा, बघ गो जरा. माज्या बदकांना काय झालंय."

आई मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेल्या, हळूहळू. मी मागोमाग. खुराड्यासमोर दोन बदकं आडवी पडली होती, पाय ताणलेले. तिसरं उभं राहायला बघत होतं आणि थरथरत कोलमडत होतं. बाकीची ठीक दिसत होती, पण गुमसुम. मावशींनी पदर खोचला होता आणि कपाळावर आठी होती, रडू नव्हतं.

"रोगच आलाय," त्या म्हणाल्या. "पावसाचं पानी खराब. आता बाकीची मरायच्या आदी कापून टाकते. उद्याला तरी होतील. स्टॅनीला सांगितलंय, पानी उकळत ठेव."

आई खाली बघत होत्या. त्यांची नजर गेली तिकडे मीही पाहिलं. कुंपणाच्या बुडापासून मावशींच्या अंगणाकडे चिकट फेसाचे पट्टे आले होते, आणि त्या पट्ट्यांच्या टोकाला बारक्या गोगलगायी मरून पडल्या होत्या. काही अर्धवट खाल्लेल्या. झाप आपल्या जागी होता, घट्ट. गोगलगायी त्याच्याखालून आल्या होत्या. गोळी आमच्या वाडीत खाऊन मरायला शेजारी गेल्या होत्या.

आई म्हणाल्या, "येते मी," आणि परत फिरल्या. घरी आल्यावर मागच्या दारात त्या पायरीवर बसल्या. खाली बसू नका असं मी रोज ओरडते, त्या दिवशी ओरडले नाही.

मयूर सुट्टीवर होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो पांढरा पडला, आणि मग शहाण्यासारखं बोलायला लागला.

"रोगही असू शकतो. आपल्याला काय माहीत?"

"मला माहीत हाय," आई म्हणाल्या.

"आई, ऐक. दोन बदकं मेली, वाईट झालं. पण बोललीस तर स्टॅनी आळी डोक्यावर घेईल. उद्या त्यांच्याकडे कार्य आहे. आत्ता मिठाची गुळणी धर. दोन दिवसांनी सांगू, शांतपणे."

"दोन दिवसांनी कोणाला सांगणार?" मी म्हणाले. "ती बदकं कापतायत मयूर. उद्या अख्खी आळी जेवणार आहे. बाळंतीण जेवणार आहे. उरलेल्यांनी काय खाल्लंय तुला ठाऊक आहे?"

"त्यांनी खाल्लं असतं तर तीही मेली असती."

"आणि थोडं खाल्लं असेल तर?"

त्याने पाकीट पुन्हा उलटसुलट करून वाचलं. विष घातलेली गोगलगाय खाल्लेलं बदक खाल्लं तर माणसाला काय होतं, हे त्या पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. कुंपणापलीकडून सुरीला धार लावायचा आवाज येत होता, दगडावर, खरर् खरर्. मला त्या क्षणी नवऱ्याचा अतोनात राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की आई त्याचं ऐकतील. कॅथरिन मावशी सोडून आईंना या जगात बोलायला कोण होतं? सासरे गेल्यावर वर्षभर रोज दुपारी येऊन बसलेली ती एकटी बाई. आणि हे सांगितल्यावर ती राहणार नव्हती, एवढं आम्हा तिघांनाही कळत होतं.

आई उठल्या. भिंतीला धरून उठल्या. रस्त्याने नाही गेल्या, सरळ कुंपणाकडे गेल्या. झाप काढून बाजूला टाकला आणि ज्या गुडघ्यांनी त्यांना पायरी चढवत नव्हती त्यांच्यावर रांगत त्या खिंडीतून पलीकडे निघाल्या. पदराला चिखल. मी मागून गेले, त्यांना पलीकडे हात देऊन उभं करायला.

स्टॅनीच्या हातात एक बदक होतं, पंख धरून मागे ओढलेले.

"ते कापू नको," आई म्हणाल्या.

मावशी चुलीपासून वळल्या. आईंना खिंडीतून आलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं. "काय झालं गो?"

"रोग नाय आला कॅथरिन. मी औषध टाकलं. गोगलगायींना. कुंपनाच्या कडेला. तुज्या बदकांनी ते खाल्लं. त्यांतलं एकपन कोनी खाऊ नका."

मावशींनी मोकळ्या खिंडीकडे पाहिलं.

"झाप होता ना?" मावशींनी विचारलं.

"होता."

"मंग?"

"त्या खालनं आल्या. माज्या ध्यानात नाय आलं. मी बदकांची वाट बंद केली, त्यांची केली नाय."

स्टॅनी भडकला. भडकणारच. कार्य उद्यावर, पाहुणे यायला लागलेले. तो म्हणाला, तुम्हाला आमच्या बदकांनी इतकी वर्षं फुकट वाडी साफ करून दिली, आणि तुम्ही विष घालता. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. मावशींनी त्याला हात केला. "सुरी ठेव खाली," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. आईंकडे त्यांनी पाहिलं नाही. मी आईंना रस्त्याने घरी आणलं.

संध्याकाळपर्यंत आणखी काही बदकं गेली. स्टॅनीने बाजारातून कोंबड्या आणल्या. रविवारी चर्चच्या घंटा ऐकू आल्या, गाणी ऐकू आली, बाळाचं रडणं ऐकू आलं. आम्ही गेलो नाही आणि कोणी बोलवायला आलं नाही. एरवी त्यांच्याकडचं काहीही असो, दुपारी झाकलेलं भांडं आमच्याकडे येतं. आई दुपारभर मागच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना भांडं नको होतं, हे मला माहीत आहे. त्यांना ते घेऊन येणारी हवी होती.

सोमवारी खिंडीला झाप लागलेला दिसला. पलीकडच्या बाजूने. मावशींनी स्वतः विणून बांधला होता.

त्यानंतर आईंनी जे केलं ते बघून मला रडू येत असे आणि चीडही. पत्र्याचा डबा घेऊन त्या कुंपणाच्या कडेने बसत सरकत गेल्या आणि न विरघळलेल्या गोळ्या एकेक करून बोटांनी वेचल्या. माझे हातमोजे मी बळेच त्यांच्या हातात चढवले. विरघळलेल्या होत्या तिथली वरची माती खरवडून पोत्यात भरली. मेलेल्या गोगलगायी त्यांनी दुसऱ्या डब्यात घेतल्या. हे सगळं बावखलापासून लांब, रस्त्याच्या कडेला खोल खड्डा काढून मयूरने पुरलं. या वेळी त्याने सूचना दिल्या नाहीत.

मग पुन्हा गोणपाटं, पपई, बादली. मी दवाखान्यातली पाळी बदलून घेतली आणि सकाळच्या रांगा वाटून घेतल्या. मयूरही उठायला लागला. आईंसाठी त्याने एक बुटका चाकांचा पाट केला, त्यावर बसून त्या वाफ्यांमधून सरकत. अडुळशाची बुडं आम्ही झाडून मोकळी केली, म्हणजे ऊन आत पोचेल. रोपांभोवती राख घालायचो, पाऊस ती धुवून न्यायचा, पुन्हा घालायचो. बारक्या गोगलगायी मात्र राहायच्या. त्या वर्षी वांगी थोडीच झाली. आईंनी त्यातली बरीचशी झाडावरच पिकू दिली, बियांसाठी.

पलीकडून आवाज यायचे, मावशींच्या चपलांचा, झाडूचा, नातीशी बोलण्याचा. आई वाफ्यात असल्या की तो आवाज हळू व्हायचा. नाताळ आला. कुसवारांचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट आलं, पण ते स्टॅनीची बायको घेऊन आली आणि उंबऱ्यावरूनच गेली. आईंनी करंज्यांमधली एक उचलली, तोंडात घातली आणि ताट माझ्याकडे दिलं.

फाल्गुनात पलीकडे पिलांची चिवचिव ऐकू यायला लागली. त्या दिवशी आईंनी दोनदा कुंपणापर्यंत फेरी मारली.

पेरणीच्या आधी, जमीन मोकळी असताना, एका सकाळी आम्ही गोणपाटं उचलत होतो. कुंपणापलीकडून मावशींचा आवाज आला. चेहरा दिसत नव्हता.

"मथुरा. औषध टाकलंय काय?"

आई पाटावरून उठायला गेल्या, जमलं नाही. बसूनच म्हणाल्या, "नाय टाकलं."

झाप सरकला आणि बदकं आत आली. नवीन, वाट माहीत नसलेली, एकमेकांवर आदळत. त्यांनी मातीत चोची घातल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मावशी खिंडीपाशी आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मथुरा, औषध टाकलंय काय?" "नाय टाकलं." तिसऱ्या दिवशीही. जे नुसत्या झापावर चालत होतं ते आता रोज विचारून चालू झालं. मला ते बोचायला लागलं. एकदा झालं, कबूल केलं, माती खरवडून काढली, आता रोज सकाळी बाईला पिंजऱ्यात उभं करायचं म्हणजे काय? मी हे आईंना बोलूनही दाखवलं.

"तिची बदकं गेलीत," आई म्हणाल्या. "विचारू दे."

त्यांना कधी त्रास झालेला मी पाहिला नाही. उलट हाक यायला उशीर झाला तर त्या हातातलं काम थांबवून वाट बघत बसायच्या.

मग आईंना ताप आला. अंग भाजत होतं, मी त्यांना उठू दिलं नाही. सकाळी एकटीच वाफ्यात गेले. हाक आली.

"मथुरा, औषध टाकलंय काय?"

"नाही टाकलं मावशी," मी म्हणाले.

झाप हलला नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी कुंपणाजवळ गेले आणि परत सांगितलं. पलीकडे बदकं कलकलाट करत होती. अडुळशाच्या फांद्यांमधून मला मावशींचा खांदा आणि कानातली सोन्याची कुडी दिसली. त्या खिंडीला टेकूनच उभ्या होत्या.

"मथुरा कुठंय?"

"आजारी आहेत. मी सांगते ना, नाही टाकलं. शपथ."

"तुजं नको गो," मावशी म्हणाल्या. रागाने नाही, सांगायची गोष्ट सांगावी तसं. "तू चांगली हायस. पन मी तिचंच ऐकनार. त्या दिवशी न बोलता घरात बसली असती तर कोनाला कळलं नसतं. मलापन नाय. माज्या नातीच्या पोटात गेलं असतं त्यांतलं, तिच्या आयच्या दुधातनं. ती रांगत आली सांगायला. तिला विचार."

एवढे दिवस मी त्या प्रश्नावर चरफडत होते.

मागे पायांचा आवाज झाला. आई मागच्या दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून, डोक्यावरून घोंगडी घेतलेली. त्यांनी हाक ऐकली होती. त्यांचा आवाज बसला होता, पण सकाळी आमच्या आळीत फार गडबड नसते.

"नाय टाकलं, कॅथरिन."

झाप निघाला. बदकं एकामागोमाग आत आली. त्यांच्या मागून एक हात टेकत, दुसऱ्या हातात झाकलेलं भांडं सांभाळत, मावशी वाकून खिंडीतून आल्या.

"पेज हाय," त्या मला म्हणाल्या. "धर. मला हात दे, माजेपन गुडगे तेच."